उताराचे शास्त्र आणि वायपरचा उदय

शहरी महाराष्ट्राच्या घरगुती इतिहासात 'काम काढणे' या विधीला मोठे स्थान असूनही अभ्यासकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. काम काढणे म्हणजे राहत्या सदनिकेतील एखादा धडधाकट भाग फोडून तो अधिक देखण्या आणि कमी उपयोगी स्वरूपात पुन्हा बांधणे. हा विधी घरात लग्न ठरल्यावर किंवा समोरच्या बिऱ्हाडाने केला म्हणून आरंभिला जातो, आणि त्याचा पहिला बळी बहुधा न्हाणीघर असते.

न्हाणीघराची जमीन सपाट दिसली तरी सपाट असता कामा नये, हे या शास्त्राचे मूलतत्त्व होय. जमिनीतील जाळीखाली न्हाणी-ट्रॅप नावाचे एक वाकडे भांडे बसवलेले असते, ज्याच्या तळाशी कायम थोडे पाणी साचून राहते आणि ते गटाराचा वास व झुरळे यांना वर येऊ देत नाही. सांडलेले पाणी या ट्रॅपकडे जावे म्हणून लादीला साधारण शंभरास एक इतका उतार द्यावा लागतो, म्हणजे चार फुटांत जेमतेम अर्धा इंच. या अर्ध्या इंचावर मालक, गवंडी आणि इंटिरियर डिझायनर यांचे एकमत झाल्याचे उदाहरण विरळाच. गवंडी पाणसळ पिशवीतच ठेवून एक डोळा मिटून उतार जोखतो आणि 'पाणी जाणार, साहेब' असे ठामपणे सांगतो. हे विधान खोटेही म्हणता येत नाही, कारण पाणी जातेच, फक्त कोठे जाणार याचा खुलासा त्यात नसतो. डिझायनरला दोन बाय चार फुटांच्या गुळगुळीत लाद्या हव्या असतात. जुन्या लहान लाद्या चारही बाजूंनी जाळीकडे झुकवता येत असत, परंतु एवढी मोठी सलग लादी कापल्याशिवाय दोन दिशांना उतरत नाही आणि कापली तर तिचा 'लुक' जातो. लुक राखला जातो आणि उताराला निरोप दिला जातो.

येथे वायपरचा उदय होतो. दांड्याला रबरी पट्टी लावलेले हे साधन म्हणजे गवंड्याने अर्धवट सोडलेला उतार कुटुंबाने दररोज स्वहस्ते पूर्ण करण्याची व्यवस्था असून, ती एकदा घरात शिरली की कायमची होते. अशा घरी मुक्कामाला आलेल्या पाहुण्याच्या हाती टॉवेलबरोबर 'आंघोळ झाली की जरा पाणी ओढून घ्या हं' ही सूचनाही ठेवली जाते, आणि मालकीण ती अशा सहजतेने देते की काही लाख रुपये खर्चून घरात नेमके काय आणले गेले, हा प्रश्न पाहुण्याच्या मनात येत नाही.

काटकसरी मालकांचा एक पंथ जुनी लादी न फोडता तिच्यावरच नवी लादी चिकटवण्याचा पुरस्कार करतो, कारण त्यात फोडकामाचा आवाज, डेब्रिजच्या गोणी आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची समजूत असे तिन्ही खर्च वाचतात. लादी व तिच्याखालचा थर मिळून जमीन अर्ध्या इंचाहून अधिक वर येते, उंबऱ्याची संगमरवरी पट्टी तिच्या पातळीला टेकते, दरवाजा खालून रंधावा लागतो आणि पहिल्याच रविवारी न्हाणीघरातले पाणी शयनगृहातील नव्या लाकडी फ्लोअरिंगची विचारपूस करून येते. फॉल्स सीलिंगमुळे पंख्याच्या पात्यांखाली हात वर करण्याची चोरी होणे, किंवा सुताराने उभ्या केलेल्या कपाटामागे गिझरचे बटण गाडले जाणे, हे प्रकार या तुलनेत किरकोळ होत. त्यांचा त्रास निदान ज्याचा त्यालाच होतो.

न्हाणीघराच्या बाबतीत मात्र त्रास एक मजला खाली उतरतो. तेथील स्लॅब मुद्दाम खोल ठेवून तो खड्डा ब्रिकबॅट कोब्याने, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवून, भरलेला असतो आणि त्याखाली पाणी अडवणारा वॉटरप्रूफिंगचा थर असतो. हा थर कोणाच्याही नजरेला पडत नसल्यामुळे त्यावर खर्च करणे मालकास उधळपट्टी वाटते, आणि नळजोडणीसाठी हातोडा चालवताना बिगारी तो निर्विकारपणे फोडतो. लादी बसवण्यापूर्वी जमिनीवर पाणी तुंबवून ते एक-दोन दिवस ठेवावे, पातळी घटते का आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहावे, अशी सोपी चाचणी उपलब्ध आहे. पण लग्नाची तारीख जवळ आलेली असल्याने ती खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर, त्यांना न कळवता, पुढील काही वर्षे घेतली जाते.

तेथे प्रथम नकाशासारखा डाग उमटतो, मग पोपडे सुटतात आणि प्रकरण सोसायटीच्या कमिटीपुढे येते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेतील शौचालय, सिंक इत्यादींच्या गळतीची दुरुस्ती त्या सदस्याने स्वखर्चाने करायची असल्याने वरचे गृहस्थ हे पाणी पावसाचे असल्याचा सिद्धान्त मांडतात. हा सिद्धान्त ते एप्रिल महिन्यातही मागे घेत नाहीत. अखेर वरच्या मोरीत रंगीत पाणी ओतून पाहण्याचा ठराव होतो, आणि खालच्या पांढऱ्याशुभ्र पीओपीवर गुलाबी ठिपके उमटल्यावर वरचे गृहस्थ रंगाच्या दर्जाविषयी शंका घेतात.

दुरुस्तीसाठी पुन्हा मिस्त्री बोलावला जातो. तो लादीवर बोटाच्या पेराने टकटक करतो, पोकळ आवाज ऐकून मान हलवतो आणि प्रत्येक मिस्त्री विचारतो तेच विचारतो, 'हे काम कोणी केलं होतं?' काम त्याचेच असते. मात्र पक्के बिल घेतले तर जीएसटी लागेल या हिशेबाने त्या वेळी कागदाचा कपटाही घेतलेला नसल्यामुळे ते सिद्ध करण्याचा मार्ग मालकापाशी उरलेला नसतो, आणि सगळे नव्याने फोडावे लागेल असे सांगून मिस्त्री ॲडव्हान्स मागतो.