रात्र थोडी, स्क्रीन फार
छत्तीस तासांत मोबाईल ॲपचा प्रोटोटाइप उभा करण्याचा शास्त्रोक्त विधी

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून आणि ॲप पाहावं छत्तीस तासांत उभारून. यातल्या पहिल्या दोन कामांना वडीलधारी माणसं धावून येतात. तिसऱ्यासाठी मात्र आजवर कोणी नीट मार्गदर्शन केलेलं नाही. २०१७ पासून केंद्र सरकार ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ भरवतं. त्याच्या सॉफ्टवेअर विभागाच्या अंतिम फेरीत सहा जणांच्या संघाला सलग छत्तीस तास मिळतात. शिवाय इंजिनिअरिंग कॉलेजांच्या घरगुती स्पर्धा आहेतच. या सर्व होतकरूंसाठी हा विधी देत आहोत. उदाहरणादाखल नेहमीचाच विषय घेऊ: कांदा उत्पादकाला बाजारभाव कळवणारं ॲप.

पूर्वतयारी

नियमानुसार संघात किमान एक मुलगी लागते. कोड तिनेच लिहावा. बाकीच्यांपैकी एकाने पीपीटी करावी, एकाने फिग्मात स्क्रीन रंगवाव्यात, एकाने इंग्रजी बोलावं, एकाने एक्स्टेन्शन बोर्डावरची जागा लढवावी. उरलेल्याने ‘रिसर्च’ करावा, म्हणजे झोपावं. दर दहा मिनिटांनी तिच्या मागे उभं राहून ‘झालं का?’ असं विचारण्याचं काम पाळीपाळीने करावं.

तास १ ते ६: नामकरण

नाव ठरल्याशिवाय कामाला हात लावू नये. नावात ‘मित्र’, ‘सेतू’ किंवा ‘साथी’ यांपैकी एक शब्द हवाच. शेवटी ‘एआय’ जोडावं. ते ॲपमध्ये नेमकं कुठे आहे, असं कोणी विचारलंच तर ‘रोडमॅपमध्ये’ म्हणावं. लोगोत हिरवं पान असावं. कांदा काढू नये, परीक्षकांना विषय लगेच कळतो.

तास ७ ते १४: लॉगिन

प्रोटोटाइपचा आत्मा म्हणजे लॉगिन स्क्रीन. भाव दाखवण्याआधी शेतकऱ्याकडून मोबाईल नंबर, ईमेल, गाव, तालुका, जिल्हा आणि पासवर्ड घ्यावा. पासवर्डात एक मोठं इंग्रजी अक्षर आणि एक चिन्ह सक्तीचं करावं. ओटीपी पाठवण्याची सोय करत बसू नये. ओटीपी कायम १२३४ असतो आणि तो कोणत्याही नंबरला चालतो, हे संघाबाहेर कळू देऊ नये. त्यानंतर तीन सेकंद गोल फिरणारं चक्र दाखवावं. मागे काहीच घडत नसतं, पण चक्र फिरताना पाहिलं की कुठेतरी सर्व्हर राबतोय अशी श्रद्धा निर्माण होते.

तास १५ ते २४: मेंटरदर्शन

मध्यरात्रीच्या सुमारास मेंटर येतात. पहिले विचारतात, ‘यात ब्लॉकचेन कुठंय?’ दुसऱ्यांना चॅटबॉट हवा असतो, तिसऱ्यांना बावीस भाषा. तिघांनाही ‘हो सर, तेच करतोय’ म्हणावं. त्यांची पाठ वळली की तीन नवी बटणं काढावीत. दाबल्यावर ‘लवकरच येत आहे’ एवढं उमटलं की पुरे.

याच सुमारास काम मागे पडल्याचं लक्षात येतं. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ सालच्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात बजावलंय, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली की ते आणखी लांबतं, कारण नव्या माणसाला समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. तेव्हा हॉस्टेलवरच्या सीनियरला अवश्य फोन लावावा. तो ‘हे फ्लटरमध्ये का केलंत?’ असं विचारेल आणि पहाटेपर्यंतचा प्रश्न मिटेल.

तास २५ ते ३०: आकडे

लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला अशा बाजारांतले भाव क्विंटलमागे किमान, कमाल आणि सरासरी असे जाहीर होतात. केंद्राच्या ॲगमार्कनेट पोर्टलवर ते मिळतातही. पण ते आणून जोडण्यापेक्षा आकडे थेट कोडातच लिहावेत. गोल आकडा टाळावा. १,८०० पेक्षा १,८३७ जास्त लाइव्ह वाटतो. भाव किंचित चढता ठेवावा, शेतकऱ्याचं भलं झालेलं परीक्षकांनाही आवडतं.

बेल लॅब्जमधल्या टॉम कारगिल यांच्या नावावर एक हिशेब सांगतात: पहिला नव्वद टक्के कोड नव्वद टक्के वेळ खातो आणि उरलेला दहा टक्के कोड आणखी नव्वद टक्के. इतका वेळ आपल्याकडे नाही. म्हणून उरलेला दहा टक्के लिहूच नये.

तास ३१ ते ३६: सोनेरी वाट

९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोत आयफोन दाखवला, तेव्हा तो अर्धाच तयार होता. गाण्याचा तुकडा वाजायचा, अख्खं गाणं लावलं तर बंद पडायचा. आधी ईमेल पाठवून मग इंटरनेट उघडलं तर निभायचं, उलट केलं तर भरवसा नसायचा. इंजिनिअरांनी न अडखळणारा क्रम शोधून काढला आणि त्याला ‘सोनेरी वाट’ म्हटलं. सिग्नलच्या कांड्या कायम पाच दिसतील अशी तजवीज केली, स्टेजवर जादा फोन ठेवले.

तुमची सोनेरी वाट अशी: लॉगिन, १२३४, लासलगाव, थँक यू. ‘येवला’ दाबू नये. फोन परीक्षकांच्या हाती देऊ नये, झाकली मूठ सव्वा लाखाची. तरीही स्क्रीन पांढरी पडलीच तर वायफायकडे रागाने पाहावं. वाकड्या अंगणाची सोय आयोजकांनी केलेलीच असते.

कुपथ्य

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, साधी वस्तू बनवणं. पाम पायलट हे खिशातलं यंत्र १९९६ साली बाजारात आलं. त्याआधी जेफ हॉकिन्स या गृहस्थांनी खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा कापला आणि तो घेऊन फिरले. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचे आणि चॉपस्टिकने त्यावर लिहिल्याचं नाटक करायचे. असं यंत्र आपण बाळगू का आणि कशासाठी काढू, हे त्यांना एवढ्यावरच उमगलं. लॉगिन नाही, चक्र नाही, पीपीटी नाही. असल्या ठोकळ्याला आपल्याकडे उत्तेजनार्थ बक्षीसही मिळणार नाही.

दुसरी, शेतकऱ्याला विचारणं. तो म्हणेल, भाव तर ग्रुपवर व्हॉट्सॲपला येतात. पण लिलावात व्यापारी ट्रॉलीतला माल पाहून बोली लावतो. आकार, रंग, ओल पाहून एकाच दिवशी किमान आणि कमाल यांत मोठी तफावत पडते. म्हणून ‘लासलगावचा भाव काय’ यापेक्षा ‘माझ्या या कांद्याला आज तिथं काय मिळेल, आणि भाडं वजा जाता पिंपळगाव बरं पडेल का’, हे त्याला कळायला हवं असतं. एवढं समजायला एक फोन पुरतो. पण त्या एका फोनात आठ तासांचं लॉगिन वाया जातं.

फलश्रुती

विधी यथासांग पार पडला तर टाळ्या पडतात आणि एखादे अधिकारी म्हणतात, ‘छान! सोमवारपासून सुरू करू या का?’ अख्ख्या विधीतली धोक्याची घटका हीच. प्रोटोटाइप जितका देखणा, तितका तो तयार वाटतो. जानेवारीत दाखवलेला आयफोन विक्रीला आला २९ जूनला. मधल्या साडेपाच महिन्यांत इंजिनिअर सोनेरी वाटेबाहेरचे रस्ते बांधत होते. त्या कामाला टाळ्या नसतात, म्हणून ते या मार्गदर्शनात घेतलेलं नाही. अधिकाऱ्यांना ‘स्केलेबल आहे सर’ एवढंच सांगावं आणि प्रमाणपत्रासह फोटो काढावा.

पुढच्या वर्षी कांद्याचाच विषय पुन्हा येईल. तेव्हा जुना कोड वापरण्याचा मोह धरू नये. तो लिहिणारी मुलगी तोवर नोकरीला लागलेली असेल, आणि कशाला काय जोडलंय हे तिलाही आठवणार नाही.