सचित्र सायकलस्वार

पुणे-गोवा सायकलवर निघायचं ठरलं की हा गृहस्थ स्वयंपाकघरातला वजनकाटा ताब्यात घेतो. टूथब्रशची दांडी अर्धी कापतो, टी-शर्टची लेबलं उसवतो, टॉवेलऐवजी पंचा घेतो. 'ग्रॅमाग्रॅमानेच किलो होतो,' असं बायकोला सुनावतो आणि दीड किलोची ७०-२०० लेन्स निमूट पॅनिअरमध्ये ठेवतो. ती काट्यावर चढत नाही. तिच्यामागून कॅमेरा, वाइड लेन्स, ट्रायपॉड, ड्रोन, चार्जरांचं भेंडोळं आणि दमट हवेवर उतारा म्हणून वर्षभर जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. रस्त्याच्या हादऱ्यांनी लेन्सचे बारीक स्क्रू सैल होतात, म्हणून सोबतचे सगळे कपडे तिला गुंडाळण्यात खर्ची पडतात. स्वतः अंगावरच्या जोडीवर कोकण पार करतो.

आणि कोकणचा किनारी रस्ता तर असल्या माणसाच्या मुळावरच येणारा. प्रत्येक खाडीशी उतरायचं नि पलीकडे पुन्हा चढायचं. बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड एवढ्या खाड्या फेरीबोट पार करून देते. मधले चढ कोणी बोटीत घालून नेत नाही. उतारावर हा कधीच थांबत नाही, समुद्र सोन्याचा झाला तरी. चढावर मात्र त्याला दर शंभर मीटरवर सौंदर्य दिसतं. "लाइट बघ, लाइट!" म्हणत तो उतरतो. मग पॅनिअरचा हूक, पिशवी, पंचा, बनियन असं एकेक सोडवत कॅमेरा बाहेर येईपर्यंत त्याची धाप ओसरते आणि समोरचा धनेशही उडून जातो. दोन्ही झालं की पॅनिअर बंद. माझ्या मते सायकलवर कॅमेऱ्याचा हाच खरा उपयोग. नुसता दमून थांबलेल्याची लोक कीव करतात, कॅमेरावाल्याला कलावंत म्हणतात.

व्हिडिओचं काम मोबाइलवर भागतं, पण कष्ट तेवढेच. ट्रायपॉड कडेला रोवायचा, मोबाइल चढवायचा, झोकात पुढून जाऊन वळणाआड व्हायचं आणि मग मोबाइल न्यायला परत यायचं. आरे-वारेचा चढ असा तो तीनदा तुडवतो. पडद्यावर दहा सेकंद.

आंजर्ल्याच्या अलीकडे असाच ट्रायपॉड रोवलेला पाहून एक आजोबा लगबगीने गडग्यापाशी आले.

"सर्व्हेवाले काय हो? सागरी महामार्ग इथनंच काढताय?"

"नाही हो आजोबा, मी माझाच व्हिडिओ काढतोय."

"स्वतःचाच? मग एवढ्या लांब कशाला आलात?" आजोबा थोडे थांबले. "बरं, आलाच आहात तर माझ्या कलमांचा एक फोटो काढा. उद्या रस्त्यात गेली तर पुरावा राहील."

त्याने ट्रायपॉडवरचा मोबाइल काढला आणि कलमं टिपली. आजोबांनी फोटो निरखून मान डोलावली. मग सायकलीला लटकलेल्या फुगीर पिशव्यांकडे बोट केलं.

"आणि ह्यात काय आहे?"