झाडाला क्रेडिट किती?

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरची फिल्म इन्स्टिट्यूट २०२५मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. चला, तिथल्या पोरांच्या आयांची एक काळजी मिटली. लग्नाच्या पंगतीत कुणी ‘मुलगा काय करतो?’ विचारलं की त्या बिचाऱ्या ‘डिप्लोमा’ एवढंच पुटपुटायच्या, आणि शेजारच्या काकूंना वाटायचं, आयटीआयला असेल. आता ठणकावून सांगता येईल, विद्यापीठात आहे म्हणून.

फक्त जागेचा इतिहास जरा अडचणीचा आहे. इन्स्टिट्यूट १९६०मध्ये निघाली ती प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओत. त्या प्रभातचे दामले, फत्तेलाल, शांताराम शिकले कोल्हापुरात, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली. शिकले म्हणजे पडेल ते काम केलं. खुद्द पेंटरांनी तर खटपट करून कॅमेराच बनवला होता. पुढे १९३३मध्ये प्रभात पुण्याला आली आणि याच आवारात दामले-फत्तेलालांनी ‘संत तुकाराम’ केला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं. आज हे दोघे प्रवेश घ्यायला आले, तर खिडकीतून एकच प्रश्न येईल: ‘पदवीची गुणपत्रिका?’ नाही? मग या. फाटक तुम्हाला माहीतच आहे.

आवारात आंब्याचं एक झाड आहे, ‘विज्डम ट्री’. साठच्या दशकात दिग्दर्शक ऋत्विक घटक इथे उपप्राचार्य होते. वर्गात कमी आणि या झाडाखाली जास्त शिकवायचे, असं सांगतात. मणी कौल, कुमार शहानी त्यांचे विद्यार्थी. उद्या विद्यापीठांचा दर्जा तपासणारी नॅकची समिती आली की विचारेल, झाडाचं सत्र कितवं, क्रेडिट किती, हजेरी कोण घेतं, आणि आउटकम काय? आउटकमच्या रकान्यात कौल यांचा सिनेमा ‘उसकी रोटी’ लिहिला, तर समिती तो कँटीनच्या खात्यात टाकेल.

‘सिनेमा काय शिकवून येतो होय?’ म्हणणाऱ्यांनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. त्यांच्यातलेच निम्मे रविवारी पैसे भरून रील्सच्या कार्यशाळेला बसलेले असतात. जेवणासकट.

खरी गंमत मात्र वेळापत्रकाची आहे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पण २०१५मध्ये, इथल्या विद्यार्थ्यांचा १३९ दिवसांचा गाजलेला संप चालू असताना, भांडण पेटलं ते २००८च्या तुकडीच्या अपूर्ण राहिलेल्या फिल्म्सवरून. मध्यरात्री पोलीस आले, विद्यार्थ्यांना धरून नेलं. सात वर्षांत इंजिनिअर होऊन, अमेरिकेला जाऊन, कर्ज काढून घर घेता येतं. इथे शेवटच्या रिळाचा आवाज जुळायचा राहिलेला असतो.

आता विद्यापीठ म्हटल्यावर आई दर आठवड्याला फोन करून विचारणार, ‘अरे, निकाल कधी?’

‘एडिट चालू आहे, आई.’