डीएमएलटीचे सर : वापरण्यापूर्वी वाचा

बारावी सायन्सनंतर नीटच्या गुणांनी दगा दिला, मामांनी 'लॅबचं कर, गावात पॅथॉलॉजी टाकून देऊ' म्हटलं आणि तुम्ही जळगाव किंवा धुळ्यात डीएमएलटीला नाव घातलंत, तर ही माहितीपुस्तिका तुमच्यासाठी. लॅबमध्ये सेल काउंटर, सेंट्रिफ्यूज, मायक्रोस्कोप यांच्याशिवाय आणखी एक उपकरण असतं. त्याला 'सर' म्हणतात. 'मॅडम' हे मॉडेलही मिळतं, त्याचा आवाज कमी आणि भिंगाची पॉवर जास्त. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, 2018 मध्ये सुरू झालेलं जळगावचं असो, की एखाद्या खासगी संस्थेची दोन खोल्यांची लॅब, उपकरणाची बनावट साधारण सारखीच.

पहिल्यांदा सुरू करताना

सुरू होताच उपकरण मामांचं स्वप्न मोडतं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टचीच, असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगून ठेवलंय, हे वाक्य पहिल्या तासाला येतं. वाईट वाटून घेऊ नका. मामांना मात्र लगेच फोन करू नका. फी अजून पूर्ण भरलेली नाही.

पुढची सूचना फ्रिजची. किट आणि रीएजंट 2 ते 8 अंशांत ठेवायचे असतात. जळगावात मे महिन्यात पारा 44-45 ला टेकला की त्या फ्रिजकडे बघून आपली पाण्याची बाटली आत सरकवावी असं कोणालाही वाटेल. सरकवून बघा. सर एरवी हळू चालतात.

पेशंटशी बोलणं

'उपाशी आहात का?' हा प्रश्न खानदेशात विचारायचा नसतो. आजी हसून 'हो, एकादशी आहे' म्हणतात. म्हणजे सकाळी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि वर दोन केळी झालेली असतात, आणि तुम्ही त्यावर 'फास्टिंग शुगर' असं लेबल चिकटवता. सर असं विचारत नाहीत. ते खुर्ची ओढून बसतात, यंदा कापसाला काय भाव मिळाला ते विचारतात आणि मग हळूच, 'सकाळपासून तोंडात काय काय गेलं?' यादी आपोआप बाहेर येते. 'काहीच नाही' या उत्तरात चहा धरलेला नसतो. चहा ही खाण्याची वस्तू नाही, यावर जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांचं एकमत आहे.

शीर डोळ्यांनी शोधू नका, बोटाने शोधा. शेतात राबलेल्या हातावर वर दिसणारी शीर सुईखाली सरकते. खरी शीर खाली असते आणि बोटाखाली दबून परत वर येते. टुर्निके एका मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवू नका. तुमचा हात थरथरतोय हे आजींना तुमच्या आधी कळतं. त्या विचारतात, "कितलं रगत काढशी, पोरी?" सर मागून म्हणतात, "माय, चमचाभर बी नही." दोन मिली म्हणजे खरोखरच चमचाभरही नाही. तेवढ्यात सुई आत गेलेली असते. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, परीक्षेला येत नाही.

ट्यूबचे रंग आणि 'मेलेला' पेशंट

जांभळी सीबीसीला, निळी रक्त गोठण्याच्या तपासण्यांना, करडी शुगरला, लाल-पिवळी सीरमला. रंग पहिल्या आठवड्यात पाठ होतात. क्रम मात्र घोटून घ्यावा लागतो आणि त्यासाठी सरांकडे एक खास प्रयोग आहे. नवशिका आधी जांभळी ट्यूब भरतो. पिवळीत रक्त कमी पडतंय म्हणून जांभळीतलं थोडं तिच्यात ओततो. कोणी पाहिलं नाही, काम भागलं. रिपोर्ट येतो : पोटॅशियम 11, कॅल्शियम 3. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून हे आकडे. सर कागद हातात घेऊन शांतपणे विचारतात, "हा पेशंट केव्हा वारला?" पेशंट बाहेर बाकावर शेंगा सोलत बसलेला असतो.

सिरिंजमधलं रक्त सुईतून जोराने ट्यूबमध्ये ढकलाल, तर पेशी फुटतील, सीरम लाल होईल आणि पोटॅशियम याही वाटेने वाढेल. म्हणून 'पोटॅशियम वाढलंय' हे ऐकल्यावर सर आधी पेशंटकडे बघत नाहीत, तुमच्याकडे बघतात.

मशीनवर विश्वास

ठेवू नका. निदान सरांसमोर तरी. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की मशीन कुणाच्या तरी प्लेटलेट 22,000 दाखवतं आणि नातेवाईक जिन्यातच रडायला लागतात. सर स्लाइड मागतात. स्मिअरच्या कडेला प्लेटलेटचे पुंजके दिसतात. ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. निळ्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्या, आकडा पुष्कळदा ठीक येतो. हिमोग्लोबिनची तिप्पट साधारण हिमॅटोक्रिटइतकी येते का, हेही सर मनातल्या मनात करून बघतात. तुम्ही कॅल्क्युलेटर काढेपर्यंत ते पुढच्या टेबलावर पोचलेले असतात.

थुंकी आणि बेडका

क्षयाच्या तपासणीला थुंकी चालत नाही, छातीतून खाकरून काढलेला बेडका लागतो. हे पेशंटला शुद्ध मराठीत समजावण्यात वेळ घालवू नका. सर स्वतः, लॅबच्या बाहेर मोकळ्या हवेत उभे राहून, खोल श्वास घेऊन खाकरून दाखवतात. आवाज ऐकून चहावाला गाळणी खाली ठेवतो. नमुना मात्र पहिल्या खेपेत बरोबर मिळतो. रॉबर्ट कॉखने 1882 मध्ये क्षयाचा जंतू जगाला दाखवला. स्लाइडवर तो नाही असं म्हणण्याआधी तुम्हाला शंभर फील्ड पाहायची आहेत. वीस पाहून 'निगेटिव्ह' लिहिणाऱ्याला सर ओळखतात, त्याची मान दुखत नसते.

इथे थट्टा बंद

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री इकडून, सातपुड्याच्या किंवा पश्चिमेकडच्या डोंगरपट्टीतून, पावरा-भिल्ल घरांतली मुलं आली की सर आवाज खाली आणतात. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी सोपी आहे. ट्यूबमागे रेघांचा कागद धरायचा. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण मुलगी नुसती वाहक आहे की आजारी, हे ती ट्यूब सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती फसवतेही. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तेव्हापासून तपासण्या वाढल्या आणि अर्धवट बोलणारेही वाढले. काउंटरवरून 'तुला सिकल आहे' असं ओरडून सांगणाऱ्याला सर त्या दिवशी घरी पाठवतात. मुलीचं लग्न त्या एका वाक्यावर मोडू शकतं, आणि ते वाक्य चूकही असू शकतं.

नेहमीच्या तक्रारी

सर 1952 ची गोष्ट पुन्हा सांगतात : मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना सापडलेला, 'ओ' वाटणारा पण 'ओ'च्या पेशींनाही न जुमानणारा बॉम्बे रक्तगट. बिघाड नाही. रिव्हर्स ग्रुपिंग टाळणारा विद्यार्थी दिसला की ती आपोआप सुरू होते.

सर पूर्वी पिपेट तोंडाने ओढत. काय काय तोंडात गेलं ते विचारू नका, चहाच्या वेळी तर नाहीच.

सर काहीच बोलत नाहीत. नमुना परत घ्या.

उपकरणाला बंद करण्याचं बटण नाही. शनिवारी संध्याकाळी धुळ्याची एसटी पारोळ्यात थांबलेली असताना फोन येतो : "फ्रिजचं तापमान रजिस्टरला लिहिलं का?" अंदाजे 4 असं सांगू नका. सर फ्रिजसमोर उभे राहूनच फोन करतात.