बटाटा आणि दूधदुभतं: नवशिक्यांसाठी प्राथमिक पाठ

साहित्य: मध्यम आकाराचा एक बटाटा, अर्धी वाटी दूध, चमचाभर लोणी, टिंक्चर आयोडीनची बाटली. तूर्त काहीही उकडू नये.

पाठ पहिला, ओळख. बटाटा हातात घेऊन त्याची कास शोधा. वरचे खोलगट खड्डे म्हणजे सड नव्हेत, ते डोळे. त्यांतून कोंब फुटतो, धार निघत नाही. बटाटा हे जमिनीखाली फुगलेलं खोड; कूळ वांग्या-टोमॅटोचं. दुधाला सस्तन मादी लागते. म्हणजे बटाटा दुभत्यात मोडत नाही. हे पटलं असेल त्यांनी पुढे जावं, इतरांनी पुन्हा कास शोधावी.

पाठ दुसरा, गोंधळाचं मूळ. हे मूळ एकादशीत आहे. त्या दिवशी गहू-तांदूळ पंक्तीबाहेर. आत दूध, दही, तूप आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बटाटा. तुपात जिरं-मिरची, वर दाण्याचं कूट, शेजारी दही. नवशिक्याला ही सगळी एकाच घरची मंडळी वाटतात. प्रत्यक्षात हा गृहस्थ अँडीज पर्वतातला, पोर्तुगिजांबरोबर आलेला. उपवासाला त्याला कोणी बसवलं, हे घरातल्या आजींना विचारू नये. खात्री हवी तर कंदमुळं वर्ज्य मानणाऱ्या जैन शेजाऱ्यांकडे जा. दुधाचा चहा मिळेल, बटाटावडा मिळणार नाही.

पाठ तिसरा, सोयरीक. नातं रक्ताचं नसलं तरी जमतं फार छान. आयर्लंडातली गरीब माणसं एके काळी मुख्यतः बटाटे आणि ताक यांवर जगत. बटाट्यातून पिष्ट आणि क जीवनसत्त्व, ताकातून प्रथिनं आणि कॅल्शियम. 1845 साली बटाट्यावर करपा पडला आणि दुष्काळ आला. एकट्या ताकावर किती दिवस निघणार?

पाठ चौथा, वेषांतर. हा नीट वाचा. भेसळवाले लोण्यात आणि तुपात उकडलेला बटाटा कुस्करून घालतात. म्हणजे बटाटा दुभत्यात मोडत नसला तरी दुभत्यात सापडू शकतो. काचेच्या वाटीत अर्धा चमचा लोणी घ्या, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर पिष्ट आहे: बटाटा, रताळं किंवा त्यांचा कोणी भाऊबंद. शुद्ध लोण्याला निळं होण्याचं कारण नाही. ताडून पाहायला एक थेंब कापलेल्या बटाट्यावर टाका. तो लगेच काळानिळा पडून कबुली देईल.

उलट दिशेनेही ये-जा सुरू आहे. स्वीडनमध्ये बटाट्यापासून दुधासारखं पेय काढलं गेलं. मात्र वनस्पतीजन्य पेयाला दूध म्हणून विकता येणार नाही, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2017 मध्ये ठरवलं. आपल्याकडचे नियमही दूध म्हणजे दुभत्या जनावराचंच मानतात. न्यायाधीशांनीही शेवटी कासच शोधली म्हणायची.

साठवण: दूध फ्रिजमध्ये, बटाटे बाहेर, अंधारात, हवेशीर टोपलीत. थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते आणि काप तळताना काळपट पडतात. निळं झालेलं लोणी पुन्हा डब्यात घालू नये.