घड्याळ न चोरलेला माणूस

रत्नागिरीत कुणी कुणाला सरळ शिवी घातली, तर माणूस बाहेरगावचा असावा किंवा तापात असावा, असं लोक समजतात. इथला अपमान कौतुकाच्या पंचात गुंडाळून येतो. गडग्यापलीकडून विचारणा होते, “चिरंजीव यंदाही दहावीलाच ना? चिकाटी मात्र आजोबांची घेतलीन हो!” ऐकणारा हसतो, घरी जातो, हातपाय धुतो, आणि आमटीचा पहिला भुरका घेताना त्याच्या ध्यानात येतं.

अशाने दाद मागावी कुठे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२, म्हणजे जुनं ५०४, नुसत्या अपमानावर समाधान मानत नाही. अपमान मुद्दाम केलेला हवा, त्याने समोरचा चिथावला जायला हवा, आणि चिथावून तो शांतता भंग करील हा बोलणाऱ्याचा हेतू, निदान अंदाज तरी, हवा. आता चिथावणीच रात्री साडेआठला आमटीपाशी पोचली, तर शांतता भंगणार कुणाची? फार तर घरच्यांची.

सरळ बोलणाऱ्याला मात्र हे कलम चटकन लागतं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नारायण राणे महाडला मुख्यमंत्र्यांच्या कानाखाली देण्याची भाषा बोलले. दुसऱ्याच दिवशी आमच्या जिल्ह्यात, संगमेश्वराजवळ, त्यांना अटक झाली. रात्री महाडच्या न्यायालयात जामीन मिळाला, आणि २०२३ साली अलिबागच्या न्यायालयाने आरोपमुक्तही केलं. एका वाक्यावर एवढा खर्च आमच्या आळीत कुणी करत नाही.

तिरकसांसाठी कलम निराळं आहे: बदनामीचं, तेव्हाचं ४९९, आताचं ३५६. उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. खाली उदाहरण दिलंय. एक जण दुसऱ्याविषयी म्हणतो, हा गृहस्थ प्रामाणिक आहे, त्याने अमक्याचं घड्याळ कधीच चोरलं नाही. चोरलं असं लोकांना वाटावं म्हणून तो हे बोलला असेल, तर ती बदनामी. जुना कायदा १८६० चा, मूळ मसुदा मेकॉलेसाहेबाचा. पण हे उदाहरण सुचवणारा कधीतरी रत्नागिरीच्या पडवीत सुपारी कातरत बसला असला पाहिजे, असा माझा दाट संशय आहे.

तरी खटला उभा राहायचा नाही. साक्षीदार शपथेवर सांगतील, “साहेब, त्यांनी तर ह्यांना प्रामाणिक म्हटलं. आम्हांला ऐकून बरं वाटलं.” सगळा गुन्हा त्या ‘कधीच’वरच्या हेलात असतो, आणि फिर्यादीच्या कागदावर हेल उतरत नाही. लिहून काढलं की ते प्रशस्तिपत्रच दिसतं.

इथल्याच टिळक आळीत १८५६ साली जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांना ही कला वापरावीशी वाटली नाही. त्यांचा पहिला तुरुंगवास राजद्रोहाचा नव्हे, बदनामीचा. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध छापलेल्या मजकुरापायी १८८२ मध्ये आगरकर आणि ते डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. पुढे चिरोल या इंग्रज पत्रकाराने त्यांच्याविषयी बदनामीकारक लिहिलं, तेव्हा ते स्वतः फिर्यादी होऊन लंडनपर्यंत गेले आणि १९१९ मध्ये हरले. खर्चही अंगावर पडला. सरळ माणसाचं दोन्हीकडून नुकसान होतं ते असं.

कायद्याने आणखी एक पळवाट ठेवलीय. सामान्य समजुतीचा आणि स्वभावाचा माणूस ज्याची तक्रार करणार नाही, अशी क्षुल्लक इजा गुन्हा नव्हे. मुंबईतल्या एका घरात ‘हलकट’ या शब्दावरून पेटलेलं भांडण कागदांची फाइल फेकण्यापर्यंत गेलं, कुणाच्या कोपरावर ओरखडा उठला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये हेच कलम लावून ते मिटवलं. आमच्याकडे अडचण एवढीच, की तसा सामान्य माणूस शोधायचा कुठे? ज्याच्या दारात जाऊन “आपण अगदी सामान्य समजुतीचे, म्हणून आलो,” असं म्हणाल, तोच पहिली फिर्याद दाखल करील.