कासच्या पठारावरील एक स्तुत्य प्रथा

साताऱ्याजवळील ज्या कास पठाराची पश्चिम घाटाच्या अन्य स्थळांसमवेत २०१२ साली जागतिक वारशात गणना झाली, त्या पठारावर भाद्रपदात सहकुटुंब जाऊन फुलांकडे पाठ करून उभे राहण्याची जी प्रथा रूढ झाली आहे, तिचा यथोचित गौरव अद्याप कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. 'सीतेची आसवे' ही फुले बोलूनचालून वीतभर उंचीची. कुटुंबप्रमुखाच्या खांद्यामागून ती दिसावीत तरी कशी? तेव्हा कुटुंबानेच त्यांच्यात बैठक मारून त्यांना छायाचित्रात प्रवेश मिळवून द्यावा, हे औदार्यच होय. काही फुले या सत्काराखाली दबतात खरी. परंतु टोपली कारवीने सात वर्षे ताटकळून फुलावे आणि चिरंजीवांनी एक क्षणही हसू नये, यात अधिक हानी कोणाची, हे सुज्ञांनी ठरवावे.

यास्तव वनखात्याकडे आमचा सविनय अर्ज आहे की, जुन्या छायाचित्रकारांच्या दुकानात असे तसा एक रंगविलेला पडदा पायथ्याशीच टांगावा, त्यावर फुले खांद्याच्या उंचीची काढावीत, आणि तहसीलदारांच्या शिक्क्यानिशी 'कास पाहिले' असा दाखला जागीच द्यावा. पडदा बारमाही फुललेला राहील. पर्जन्यमानाची, मधमाश्यांची वा वनस्पतिशास्त्रज्ञांची त्यास गरज नाही. शिवाय पठार रिकामे झाल्याने वाहनतळाचा चिघळलेला प्रश्नही आपोआप निकाली निघेल.